ओक अ‍ॅलीचे अठ्ठावीस खांब आणि १८४८ सालची मोजदाद

पाणंद

गेल्या हिवाळ्यात आईबाबा सांगली जिल्ह्यातून आमच्याकडे ह्यूस्टनला आले होते, तेव्हा त्यांना घेऊन आम्ही लुइझियानात मिसिसिपी नदीच्या काठाने दोन दिवस हिंडलो. न्यू ऑर्लिन्स आणि बॅटन रूज यांच्या मधल्या पट्ट्यात, नदीच्या दोन्ही तीरांवर, उसाच्या मळेवाल्यांनी बांधलेली मोठी घरे आजही उभी आहेत. तिकडे त्यांना 'अँटेबेलम' घरे म्हणतात. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ 'युद्धाच्या आधीचे' एवढाच आहे, आणि युद्ध म्हणजे १८६१ ते १८६५ चे अमेरिकेचे यादवी युद्ध. त्यांपैकी व्हॅशरी गावाजवळच्या ओक अ‍ॅली या घराचा इतिहास मी परत आल्यावर सवडीने वाचला. मराठीत या विषयावर फारसे लिहिलेले मला आढळले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तिथली झाडे घरापेक्षा जुनी आहेत. घरापासून नदीच्या दिशेने सदाहरित ओकची अठ्ठावीस झाडे समोरासमोर दोन रांगांत उभी आहेत. ही दुतर्फा रांग सुमारे २४० मीटर लांब आहे आणि ती अठराव्या शतकाच्या आरंभी, म्हणजे आजचे घर बांधण्याच्या साधारण शंभर वर्षे आधी लावली गेली. जमीन व्हाल्कूर एम या बड्या मळेवाल्याची होती; १८३६ मध्ये ती त्याचा मेहुणा जाक तेलेस्फोर रोमां याच्याकडे आली. रोमां घराणे फ्रेंच भाषक, क्रिओल (म्हणजे वसाहतकाळापासून लुइझियानातच रुजलेले) आणि राजकारणात वजनदार होते. जाकचा भाऊ आंद्रे हा लुइझियानाचा दोनदा गव्हर्नर झाला. १८३७ ते १८३९ या काळात जाकने हे घर बांधवून घेतले आणि त्याचे नाव 'बाँ सेजूर' असे ठेवले. नदीतून आगबोटीने जाणाऱ्या लोकांना मात्र झाडांची रांग आधी दिसे, त्यामुळे त्यांनी दिलेले 'ओक अ‍ॅली' हेच नाव पुढे रूढ झाले.

घराला चारही बाजूंनी मिळून अठ्ठावीस खांब आहेत, झाडांइतकेच. लांबून ते संगमरवरी वाटतात. जवळ गेल्यावर कळते की ते विटांचे असून वरून गिलावा केलेला आहे. विटा तिथेच, त्याच जमिनीवर पाडून भाजल्या गेल्या. माती तुडवणारे, साचे भरणारे, भट्टी लावणारे, खांब रचणारे, लाकूड कापणारे हे सगळे लोक रोमां कुटुंबाचे गुलाम होते. मला या इतिहासाचे दार उघडले ते इथे. घराच्या मालकांची नावे, त्यांची लग्ने, त्यांचे आजार हे सारे वाचायला मिळते. पण ज्यांच्या हातून घर उभे राहिले त्यांची नावे शोधायला गेलो तर ती मुख्यतः एका वेगळ्याच प्रकारच्या कागदात सापडतात, तो कागद म्हणजे मालमत्तेची मोजदाद.

लुइझियानाचा कायदा फ्रेंच आणि स्पॅनिश परंपरेतून आला होता. १८२५ च्या तिथल्या दिवाणी संहितेत गुलाम माणसाला स्थावर मालमत्ता मानले होते. स्वभावतः जंगम असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते स्थावर आहेत, अशी त्या कलमाची मांडणी आहे. आपल्याकडे जमिनीची खरेदी जशी दस्ताशिवाय होत नाही, तशी तिथे माणसाची खरेदी नोटरीसमोर नोंदवली जाई. जमिनीवर बोजा चढावा तसे कर्जाला माणूस तारण म्हणून लावला जाई. आणि मालक वारला की नोटरी साक्षीदारांना घेऊन घरोघर, खोलीखोलीने फिरत भांडी, खुर्च्या, बैल, नांगर आणि माणसे एकाच यादीत उतरवून घेई. जाक रोमां १८४८ मध्ये क्षयाने वारला आणि त्याच्या मालमत्तेचीही अशीच यादी झाली.

त्या यादीत आंत्वान नावाच्या एका माणसाची नोंद आहे. वय ३८, बागकाम करणारा, पेकनची कलमे बांधण्यात निष्णात, किंमत १००० डॉलर. पेकन हे अक्रोडासारख्या फळाचे अमेरिकेतले देशी झाड आहे. बी पेरून वाढवलेल्या पेकनचा भरवसा नसतो: आईझाडाचे फळ कितीही मोठे आणि पातळ कवचाचे असले तरी रोपाला तसेच फळ येईल असे सांगता येत नाही. १८४६-४७ च्या हिवाळ्यात जवळच्याच एका मळ्यातील उत्तम झाडाच्या काड्या ओक अ‍ॅलीवर आणल्या गेल्या आणि आंत्वानने त्या सोळा झाडांवर बांधून जगवल्या. पेकनच्या यशस्वी कलमाची ही पहिली नोंद मानली जाते. यादवी युद्ध संपेपर्यंत तिथे अशा कलमी झाडांची संख्या शंभरावर गेली होती. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात या झाडांची फळे मांडली गेली, त्यांना प्रशस्तिपत्र मिळाले आणि वाणाचे नाव 'सेंटेनियल' पडले. प्रशस्तिपत्र अर्थातच तेव्हाच्या मळेमालकाला मिळाले. आज पेकनचे पीक ही अमेरिकेच्या दक्षिणेतली मोठी बाब आहे, आणि तिच्या मुळाशी एका गुलामाचा हात आहे हे आपल्याला कळते ते त्याची किंमत ठरवण्यासाठी केलेल्या यादीतून.

घराच्या जेवणघरात टेबलावर छताला टांगलेला लाकडी फळीचा मोठा पंखा आहे. दोरी ओढून तो हलवायचा, म्हणजे माश्या बसत नाहीत आणि जेवणाऱ्यांना वारा लागतो. त्या काळच्या दक्षिणेत अशा पंख्याला 'पंका' असेही म्हणत, आणि तो शब्द आपल्याच पंख्यावरून इंग्रजांमार्फत तिकडे गेलेला आहे. दोरी ओढायला अशा घरांतून बहुधा गुलामीत जन्मलेले एखादे मूल उभे असे. आई त्या खोलीत बराच वेळ थांबली. तिने फक्त एवढेच विचारले, "जेवण होईस्तोवर ते पोर उभंच राहायचं का गं?"

पुढचा इतिहास मी थोडक्यात सांगते. जाकच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी सेलिना हिच्या कारभारात कर्ज वाढले, मग मुलाने सूत्रे हाती घेतली, युद्ध आले, गुलामगिरी संपली आणि १८६६ मध्ये ही मालमत्ता लिलावात ३२,८०० डॉलरला गेली. नंतर बरेच मालक झाले, घराची पडझड झाली. १९२५ मध्ये अँड्र्यू आणि जोसेफीन स्ट्यूअर्ट या दांपत्याने ते विकत घेऊन वास्तुविशारद रिचर्ड कोच यांच्याकडून दुरुस्त करवून घेतले. जोसेफीनबाई १९७२ मध्ये वारल्या. त्यांच्या इच्छेनुसार घर आणि परिसर एका न्यासाकडे गेला. गुलामांच्या वस्तीतल्या मूळ खोल्या उरल्या नव्हत्या. त्या नव्याने उभारून २०१३ मध्ये त्यांत कायमचे प्रदर्शन मांडले गेले.

जाणकारांनी भर घालावी आणि माझे काही चुकले असल्यास दुरुस्त करावे, ही विनंती.

चिपाड

पाणंदताई, लेख मनापासून आवडला. मी साखर कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये आयुष्य काढले आहे, म्हणून घरामागच्या उसाबद्दल थोडे लिहितो. कारण घर उसाच्या पैशांवर उभे राहिले आणि त्या उसाचे वेळापत्रक समजल्याशिवाय तिथल्या माणसांचे हाल नीट समजत नाहीत.

आपल्याकडे आडसाली ऊस पंधरा ते अठरा महिने रानात राहतो. लुइझियाना उसाच्या पट्ट्याच्या अगदी उत्तर टोकाला आहे, तिथे हिवाळ्यात दहिवर गोठते. गोठलेल्या उसातला रस लवकर बिघडतो, म्हणून नऊ-दहा महिन्यांचे पीक थंडी पडायच्या आत तोडून, गाळून मोकळे व्हावे लागे. ऑक्टोबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत, कधी त्याहून पुढे, तोड आणि गाळप रात्रंदिवस चाले. तिकडच्या फ्रेंचमध्ये या हंगामाला 'रूलेझाँ' म्हणत. दिवसा रानात कोयता आणि रात्री चरकावर किंवा भट्टीवर पाळी, अशी दुहेरी कामे लोकांना पडत. चरकात हात सापडणे आणि उकळत्या रसाने भाजणे हे नेहमीचे अपघात होते. कापसाच्या मुलखात गुलामांची लोकसंख्या जन्मांमुळे वाढत होती. उसाच्या या पट्ट्यात मात्र मृत्यू जन्मांपेक्षा जास्त होते, आणि मळेवाले ही तूट बाजारातून नवी माणसे, विशेषतः तरुण पुरुष, विकत घेऊन भरून काढत.

रस आटवण्याची पद्धत आपल्या गुऱ्हाळाची सख्खी बहीण म्हणावी अशी होती. एका लांब भट्टीवर उतरत्या आकाराच्या चार लोखंडी काहिली ओळीने बसवलेल्या असत. त्यांची नावे ला ग्रांद, फ्लांबो, सिरो आणि बात्री. माणसे लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका काहिलीतून पुढच्या काहिलीत ओतत जात आणि शेवटच्या, सर्वांत लहान काहिलीत दाणा धरायची वेळ अनुभवी माणूस ओळखत असे. आपला गुळव्या चाचणी बघतो, अगदी तसेच.

ही पद्धत बदलणारा माणूसही त्याच भागातला होता. नॉर्बर रिल्यू याचा जन्म न्यू ऑर्लिन्सचा, १८०६ सालचा. वडील गोरे, आई मिश्रवंशीय आणि स्वतंत्र स्त्री. पॅरिसमध्ये शिकून तो परत आला आणि १८४३ व १८४६ मध्ये त्याने अनेक टप्प्यांच्या बाष्पीभवनयंत्राचे पेटंट घेतले. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते. दुसऱ्यात हवेचा दाब कमी ठेवलेला असल्यामुळे रस कमी तापमानाला उकळतो. पुढे तसेच तिसऱ्यात. सरपण वाचते, साखर करपत नाही आणि उघड्या काहिलीवर पळी घेऊन उभे राहायला माणूस लागत नाही. आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक कारखान्यात ज्या इव्हॅपोरेटरच्या बॉड्या ओळीने उभ्या आहेत, त्या याच तत्त्वावर चालतात. त्यांच्याजवळ मी तीस वर्षे पाळ्या केल्या आणि रिल्यूचे नाव मला निवृत्तीनंतर कळले, याची खंत वाटते. त्या माणसाची यंत्रे मळेवाल्यांनी घेतली, पण वर्णामुळे त्याला त्या समाजात बरोबरीचे स्थान मिळाले नाही. पुढे तो फ्रान्सला गेला आणि १८९४ मध्ये पॅरिसमध्येच वारला.

पाणंद

चिपाडकाका, तुमच्या प्रतिसादामुळे एक प्रसंग सांगावासा वाटतो. ओक अ‍ॅलीनंतर आम्ही जवळच्याच व्हिटनी या मळ्यावर गेलो. तिथे आवारात जुन्या लोखंडी काहिली ठेवलेल्या आहेत. माझे बाबा लहानपणी गुऱ्हाळावर वाढलेले. ते एका काहिलीजवळ वाकले, कडेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ही काहीलच की गं." मग थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "आणि चुलवाणात जाळ घालायला कोण बसायचं?" व्हिटनीची सगळी मांडणी याच प्रश्नाला धरून केलेली आहे.

तो मळा १७५२ मध्ये आंब्रोझ हायडेल या जर्मन स्थलांतरिताने वसवला. आधी नीळ, मग ऊस. न्यू ऑर्लिन्सचे वकील जॉन कमिंग्ज यांनी तो विकत घेतला, सेनेगलचे इतिहासकार इब्राहिमा सेक यांच्या संशोधनाच्या आधारे बरीच वर्षे काम केले आणि डिसेंबर २०१४ मध्ये गुलामगिरीला वाहिलेले संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडले. तिथे मालकाचे घर सगळ्यात शेवटी दाखवतात. आधी नावांच्या भिंती येतात. एका स्मारकावर लुइझियानातल्या १,०७,००० गुलामांच्या नोंदी कोरल्या आहेत. त्या ग्वेन्डोलिन मिडलो हॉल या इतिहासकार बाईंनी जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्यांतले जुने नोटरी दस्त वर्षानुवर्षे वाचून गोळा केल्या होत्या. माणसाला स्थावर ठरवणारा कायदा नसता तर हे दस्तही एवढे झाले नसते. दुसऱ्या एका अंगणात त्या एका परगण्यात १८२३ ते १८६३ या काळात दगावलेल्या सुमारे २,२०० लहान मुलांची नावे आहेत. तिथे मला फार वेळ उभे राहवले नाही.

ओसरी

मी वास्तुरचनेची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे घराच्या बांधणीविषयी दोन शब्द. ओक अ‍ॅलीला सरसकट 'ग्रीक पद्धतीचे' म्हणतात, पण खांबांचे हे ग्रीक वळण बाहेरून चढवलेले आहे आणि आतला विचार स्थानिक क्रिओल घरांचा आहे. त्याच नदीकाठी, त्याच व्हॅशरीजवळ लॉरा नावाचे १८०५ चे घर आहे. ते लाकडी, रंगीत आणि जमिनीपासून उंच जोत्यावर उभे आहे, कारण नदी कधीही फुगे. घराभोवती खोल पडवी, समोरासमोर उंच दारे-खिडक्या, वारा आरपार जाईल अशी रचना, ही त्या दमट हवेतली शहाणी बांधणी होती. ओक अ‍ॅलीचे खांब उभे आहेत ते मुळात अशाच पडवीचे छप्पर पेलण्यासाठी. चारही बाजूंनी सावली असल्यामुळे जाड विटांच्या भिंतींवर ऊन थेट पडत नाही.

माझा प्रश्न असा आहे: हे घर सुंदर आहे असे म्हणायला आपण बिचकावे का? मला ते सुंदर वाटते, आणि तसे वाटल्याबद्दल अपराधीही वाटते.

पाणंद

ओसरी, मलाही ते सुंदर वाटले आणि मी ते लपवणार नाही. फक्त माझ्या मते ते सौंदर्य रोमां कुटुंबाच्या खाती जमा करू नये. आराखडा कोणाचाही असो, ज्याने वीट पारखून खांब गोल रचला तो गवंडी उत्तम कारागीर होता. लॉराचे घरही गुलाम सुतारांनी सुटे भाग आधी तयार करून, जोडून उभारले होते. आपण त्यांच्या हाताची तारीफ करतो आहोत असे समजून पाहिले, तर खांब अधिक नीट दिसतात असा माझा अनुभव आहे.

उंबरठा

माझ्या एका आतेबहिणीचे लग्न काही वर्षांपूर्वी अशाच एका मळ्यावर झाले. हळदीला आम्ही सगळ्या त्या खांबांपुढे उभ्या राहून फोटो काढत होतो. तिथल्या माणसांनी आम्हाला घराच्या मालकांची माहिती हौसेने सांगितली; मागे कोण राहत होते हे कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आज तो अल्बम उघडायला जड जाते. मे २०२५ मध्ये लुइझियानातलेच नॉटोवे हे ६४ खोल्यांचे प्रचंड मळेघर जळाले, तेव्हा कुणी लग्नाच्या आठवणी काढून हळहळले, तर कुणी आनंद व्यक्त केला. मला दोन्ही करवेना. १८६० च्या खानेसुमारीत त्या घराच्या मालकाकडे १५५ गुलाम होते, हे मी त्या रात्री पहिल्यांदा वाचले.

दौत

दोन मुद्दे जोडतो. पहिला, ही माणसे आली कोठून याचा. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यावर अमेरिकेत बंदी होती, पण देशांतर्गत व्यापारावर नव्हती. व्हर्जिनिया, मेरीलँड अशा जुन्या राज्यांतून सुमारे दहा लाख माणसे यादवीपूर्वीच्या काळात खोल दक्षिणेत, म्हणजे लुइझियाना, मिसिसिपी अशा राज्यांत, हलवली गेली. ओक अ‍ॅलीचे खांब रचले जात होते त्याच वर्षी, १८३८ मध्ये, मेरीलँडच्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी जॉर्जटाउन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यासाठी २७२ माणसांना १,१५,००० डॉलरला लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकण्याचा करार केला. त्यांत तान्ही मुले होती आणि म्हातारी माणसेही होती.

दुसरा मुद्दा आपल्या मातीतला. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, तेव्हा ती अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी त्याग केला त्यांना अर्पण केली. ओक अ‍ॅलीचा लिलाव होऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. पुण्यात बसून जोतीरावांना जी गोष्ट आपली वाटली ती आज मराठी माणूस तिथे पर्यटक म्हणून जातो तेव्हा त्याला परकी का वाटावी, असे मला नेहमी वाटते. पाणंदताईंनी हा विषय इथे आणला, त्यांचे आभार.

ओसरी

पाणंदताई, आंत्वानने कलम केलेली झाडे अजून आहेत का?

पाणंद

नाहीत. नंतरच्या काळात ऊस लावायला जमीन हवी म्हणून ती पेकनची झाडे तोडली गेली. कलमाचा वाण तेवढा राहिला.

ओक अ‍ॅलीवर नव्याने उभारलेल्या वस्तीत एका भिंतीवर तिथल्या गुलामांची नावे लिहिली आहेत. आडनावे नाहीत, नुसती नावे. बाबांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो, तरी त्यांनी मला मदत करू दिली नाही. एकेका नावावर बोट ठेवत ते आंत्वानपर्यंत गेले. बाबांनी स्वतः घरच्या परड्यात केशर आंब्याची कलमे बांधली आहेत, काही जगली, बरीच गेली. ते बोट न उचलता म्हणाले, "सोळाच्या सोळा जगवली. हाताला गुण होता ह्याच्या."